जुने विमान : उभे की उडते?

कोलकात्याच्या दमदम विमानतळावर एक डाकोटा विमान कित्येक दशके एका जागी उभे होते. बंगालच्या दमट हवेत आणि पावसात त्याची रया गेली होती. नवी विमाने येत-जात राहिली, ते मात्र जागचे हलले नाही. हे विमान ‘कलिंग एअरलाइन्स’चे होते. ही कंपनी बिजू पटनायक यांनी स्थापन केली होती. ते स्वतः निष्णात वैमानिक होते. १९४७ च्या जुलै महिन्यात डचांचा पहारा चुकवून इंडोनेशियाचे नेते सुतान शाहरीर यांना त्यांनी डाकोटातूनच सुखरूप बाहेर आणले होते. अखेर जानेवारी २०२३ मध्ये दमदमच्या विमानाचे भाग सुटे करण्यात आले आणि ते ट्रकवर लादून भुवनेश्वरला नेण्यात आले. तेथे ते पुन्हा जोडून विमानतळावर प्रदर्शनार्थ ठेवण्यात आले.

एका ऐतिहासिक वस्तूचे भंगारात जाणे टळले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही एक प्रश्न उरतो. विमान रंगवून चौथऱ्यावर उभे केले, म्हणजे त्याचे जतन पूर्ण झाले का?

याचे दुसरे उदाहरण भारतीय वायुसेनेकडे आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले एक डाकोटा विमान राजीव चंद्रशेखर यांनी २०१८ मध्ये वायुसेनेला भेट दिले. त्यांचे वडील वायुसेनेत डाकोटाचे वैमानिक होते. हे विमान ब्रिटनहून स्वतःच्या पंखांनी भारतात आले. ‘परशुराम’ हे नाव आणि ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक त्याला देण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटांची स्मृती या क्रमांकात आहे.

उडते विमान ठेवण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा आणि दुसरा जिवाच्या धोक्याचा. दुसरा आक्षेप हलका नाही. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे हवाई प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दोन विमानांची टक्कर झाली आणि सहा जणांचे प्राण गेले. शिवाय जुने विमान उडण्याजोगे करायचे तर गंजलेले पत्रे, झिजलेल्या तारा, थकलेले सुटे भाग बदलावेच लागतात. इतके बदलल्यावर मूळ विमान किती उरते, हा प्रश्नही रास्त आहे.

म्हणूनच सरसकट सर्व जुनी विमाने उडवावीत, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. ज्या विमानाचा इतिहास त्याचा एकट्याचा आहे, ते उभेच राहावे आणि त्याचा मूळ पत्रा जपला जावा. या दृष्टीने दमदमच्या डाकोटाला मिळालेली जागा योग्यच आहे. परंतु डाकोटासारख्या विमानांची संख्या एकेकाळी हजारोंच्या घरात होती. अशा जातीचे निदान एखादे विमान उडते असावे.

याचे कारण केवळ हौस नव्हे. उभ्या विमानाला रंगारी आणि राखणदार पुरतात. उडत्या विमानाला कारागीर लागतात. डाकोटाचे धड धातूच्या पत्र्याचे असले, तरी त्याची दिशा आणि उंची सांभाळणाऱ्या हलत्या फळ्यांवर कापड ताणून बसवावे लागते. रिव्हेट ठोकताना एकाने बाहेरून ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून जड ठोकळा दाबून धरायचा, हा मेळ पुस्तक वाचून जमत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. हे हात म्हातारे होतात. विमान शंभर वर्षे उभे ठेवता येईल. पण त्याला उघडून जोडणारा शेवटचा माणूस गेला, की ती विद्या परत मिळणार नाही.

तिसरी गोष्ट मनाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लहानशा विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून पुन्हा केला. एखादा स्मृतिस्तंभ उभारणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी उड्डाण केले. इंजिनाची घरघर ऐकलेले मूल जे विचारील, ते काचेआडची पाटी वाचणारे मूल क्वचितच विचारते.

तेव्हा जतनाचा आरंभ गंज चढण्यापूर्वी व्हायला हवा. देशातील विमानतळांवर आणि धावपट्ट्यांच्या कडेला पडलेल्या जुन्या विमानांची नोंद व्हावी. कोणते उभे ठेवायचे आणि कोणते उडवायचे, हे जाणकारांनी ठरवावे. आणि दुरुस्तीच्या कामावर तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना वयोवृद्ध कारागिरांच्या शेजारी बसवावे. विमान परदेशात दुरुस्त करून आणता येते. मात्र दुरुस्त करणारे हात याच भूमीत घडवावे लागतील.