घरचा डाव आणि जुगाराची सीमा

चार मित्र एकत्र बसून पत्ते खेळतात म्हणजे ते काही महापातक करतात, असे मानणाऱ्या कर्मठांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाही. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसलेल्या किंवा चिखलात राबलेल्या मनुष्यास रात्री दोन घटका करमणूक हवी असते, व ती त्याने आपल्या बरोबरीच्या माणसांत बसून मिळवावी हे स्वाभाविकच आहे. भोर शहरात दुकाने बंद झाल्यावर एखाद्या माडीवर पत्त्यांचा कॅट निघतो. वेल्ह्याकडे, म्हणजे ज्या तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे तिकडे, भातलावणी उरकली आणि पावसाने घराबाहेर पडू दिले नाही म्हणजे तोच कॅट ओसरीवर निघतो. आरंभी मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन होते, मग रमी होते, आणि रात्र चढली म्हणजे पैसे लावून तीन पत्ती सुरू होते. पुण्यास शिकून किंवा नोकरी करून आलेल्या तरुणांनी अलीकडे पोकर नावाचा अमेरिकन खेळही या बैठकींत आणला आहे. ही मंडळी गुंड किंवा उडाणटप्पू नव्हेत; अडते, शिक्षक, कारकून, शेतकरी अशी घरंदाज माणसेच त्यांत असतात. म्हणूनच या विषयाचा विचार शांतपणे झाला पाहिजे.

या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, पैसा लागला की तो जुगार. पोलिसांनी सर्वांना सारखेच पकडावे. दुसरा पक्ष म्हणतो, आमचे घर, आमचा पैसा, आमचे मित्र. त्यात तिऱ्हाइताचा संबंध काय? आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात. पहिल्यास कायदा काय आहे हे ठाऊक नाही, आणि दुसऱ्यास कायदा जेथे थांबतो तेथून आपले कर्तव्य सुरू होते याचा विसर पडला आहे.

प्रथम कायद्याचा विचार करू. आपल्या प्रांतात या विषयाचा मूळ कायदा १८८७ सालचा, मुंबई सरकारने केलेला आहे. त्याचा रोख दोन गोष्टींवर आहे. रस्त्यावर अथवा सार्वजनिक जागी पैसे लावून खेळणे हा गुन्हा होय. आणि जुगाराचा अड्डा चालविणे व अशा अड्ड्यात जाऊन खेळणे हाही गुन्हा होय. परंतु अड्डा कशास म्हणावे? ज्या घराचा, खोलीचा किंवा जागेचा मालक अथवा वापरणारा जुगाराच्या साधनांवर आपला फायदा काढतो, त्यास. आपल्या भाषेत सांगावयाचे तर जेथे नाल काढली जाते तो अड्डा. केवळ कौशल्याच्या खेळास हा कायदा लागू नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. पण त्याच निकालात तीन पत्तीस निव्वळ दैवाचा खेळ म्हटले, आणि रमीवरही जर घरमालक नफा काढीत असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकेल, अशी पुस्ती जोडली. पोकरविषयी तर देशात एकमत नाही. बंगालने १९५७ च्या आपल्या कायद्यात ब्रिज, रमी व नॅप यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. उलट गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली तो जुगारच ठरविला.

तात्पर्य, ज्या घरी यजमान नाल घेत नाही, चहा-पोह्यांपलीकडे ज्याचा हिशेब जात नाही, आणि ज्याचे दार कोणाही आल्यागेल्यास उघडे नाही, त्या घरच्या डावास अड्डा म्हणता येत नाही. पुण्याहून येणारी मंडळी पानशेतच्या बाजूस एखादे शेतघर भाड्याने घेऊन खेळावयास बसतात. तेथील मालकाने मात्र हे ध्यानात ठेवावे की, त्याने प्रत्येक डावामागे एक रुपया जरी बाजूस काढला तरी त्याचे शेतघर हे शेतघर राहत नाही.

कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो हे योग्यच आहे. शिपायाने माजघरात शिरून कोणता पत्ता पडला हे पाहावे, असे स्वातंत्र्याची चाड असणारा कोणीही म्हणणार नाही. परंतु कायद्याचे मौन म्हणजे कायद्याची संमती नव्हे. आणि उंबरठ्याच्या आत जे घडते ते निरुपद्रवीच असते असेही नव्हे. हस्तिनापुरातील द्यूत काही परक्यांच्या अड्ड्यावर झाले नाही. ते आप्तांच्या घरी, वडीलधाऱ्यांच्या देखत, रीतसर आमंत्रणावरून झाले. तेथे धर्मराजाचा घात झाला तो पहिल्या पणामुळे नव्हे, तर जे गेले ते परत मिळविण्याच्या हट्टापायी त्याने जे पुढचे पण लावले त्यांमुळे. घरचा डाव सुरक्षित असतो हा समज आपल्या सर्वांत जुन्या व सर्वांत मोठ्या कथेनेच खोटा पाडला आहे.

मग खेळ कोठे संपतो व जुगार कोठे सुरू होतो? आमचे उत्तर असे आहे की, ही सीमा पत्त्यांच्या प्रकारात नाही व पैशाच्या आकड्यातही नाही. ती उधारीत आहे. खिशातले पन्नास रुपये गेले व मनुष्य हसत उठून घरी गेला, तर त्याने करमणुकीचे मूल्य दिले, जसे नाटकाचे तिकीट काढून दिले असते. परंतु खिसा रिकामा झाल्यावर ज्या क्षणी तो म्हणतो, 'मांडून ठेवा, उद्या देतो,' त्या क्षणी खेळ संपला. पैजेचे देणे न्यायालयात वसूल होत नाही. १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला आहे, आणि मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेस जाणूनबुजून साहाय्य करणारे करारही रद्दबातल केले होते. म्हणजे जिंकणाऱ्यास दावा लावता येत नाही. मग तो वसुली कशाच्या बळावर करतो? मैत्रीच्या, भिडेच्या आणि बदनामीच्या भीतीच्या बळावर! न्यायालय जे देणे वसूल करून देत नाही ते मैत्रीस वसूल करावे लागते, आणि ते वसूल करता करता मैत्रीच खर्ची पडते. बाजारात समोरासमोर दुकाने असलेले दोन शेजारी एकमेकांकडे पाहिनासे होतात, आणि त्याचे खरे कारण दोघेही कोणास सांगत नाहीत.

येथवरच गोष्ट थांबती तरी एक वेळ चालले असते. परंतु पत्त्यांचे देणे पुष्कळदा कागदाचे सोंग घेते. 'हातउसने घेतले' अशी पावती लिहून घेतली जाते, वचनचिठ्ठी होते, आणि रक्कम फुगली म्हणजे जमिनीचे साठेखत पुढे येते. हातउसने हा शब्द लिहिला म्हणून पैजेचे देणे पवित्र होत नाही हे खरे. परंतु वचनचिठ्ठीवर एकदा सही झाली की मोबदला मिळाला असे कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो, व तो मिळाला नव्हता हे दाखविण्याचा भार सही करणारावर पडतो. मध्यरात्री चार मित्रांत झालेल्या गोष्टीस साक्षीदार तरी कोण मिळणार?

हा इशारा भोर व वेल्ह्याच्या लोकांस आजच का द्यावा लागतो, हेही सांगितले पाहिजे. पुणे शहर दक्षिणेकडे व पश्चिमेकडे वाढत आहे. शहराभोवती योजिलेल्या वर्तुळ मार्गाचा पश्चिम भाग भोर तालुक्यातच येऊन मिळतो. त्याकरिता जमिनी घेतल्या गेल्या आहेत, आणि गुंठ्यागुंठ्याने विकल्या जाणाऱ्या जमिनी तर निराळ्याच. जो पैसा पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या आंबेमोहोराच्या खाचरांतून थोडाथोडा येत असे, तो आता एकदम हातात पडतो, आणि एकदाच पडतो. ज्याच्या हाती असा पैसा आला त्यास बैठकीचे आमंत्रण लवकर येते, हे व्यवहार जाणणारांस सांगावयास नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तात अखेरीस फासे टाकून शेती करावी असा उपदेश आहे. ज्याची शेतीच विकली गेली त्यास हा उपदेश कोणी करावा?

दुसरी नवी गोष्ट म्हणजे खिशातील दूरध्वनी. पूर्वी मनुष्य जेवढ्या नोटा घेऊन बसे तेवढ्याच हरे. रिकामा खिसा हाच त्याचा पहारेकरी होता. आता बँकेतील सारी शिल्लक सतरंजीवर येऊन बसते, आणि बोटाच्या एका स्पर्शाने दुसऱ्याच्या खात्यात जाते. शिवाय त्याच दूरध्वनीवर पत्त्यांच्या पैशाच्या खेळांचा मोठा धंदा उभा राहिला होता. तो इतका फोफावला की, खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून चालणाऱ्या अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेस ऑगस्ट २०२५ मध्ये करावा लागला. या कायद्याचा रोख खेळणारावर नसून असे खेळ चालविणारांवर व त्यांची जाहिरात करणारांवर आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. यंत्राशी खेळणारास 'आता पुरे, घरी जा' असे म्हणणारा कोणी नसतो. घरच्या डावात तो असतो, किंबहुना असला पाहिजे. आणि म्हणूनच घरची बैठक समूळ मोडून काढावी असे आम्हांस वाटत नाही. ती मोडली तर मनुष्य पोथी वाचीत बसेल असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. तो आडरानातल्या अड्ड्यावर जाण्याचाच संभव अधिक.

कोणी म्हणतील की, आमच्या धर्मानेच खेळास मुभा दिली आहे. कोजागिरीच्या रात्री फासे खेळत जागरण करण्याचा विधी आहे, आणि दिवाळीच्या पाडव्यास द्यूतप्रतिपदा असे नावच आहे. हे खरे आहे; सावंतवाडीस आजही हातांनी रंगविले जाणारे दशावतारी गंजिफाचे एकशे वीस पत्ते पाहिले म्हणजे आपल्या लोकांनी या खेळास कलेची योग्यता दिली हेही कबूल करावे लागते. पण शास्त्राने मुभा दिली ती वर्षातील एका-दोन रात्रींची, हे सोयीस्करपणे विसरले जाते. वर्षातील तीनशे पासष्ट रात्री कोजागिरी करणारास शास्त्राचा आधार सांगण्याचा अधिकार नाही.

व्यापारी वाचकांस आमचे विशेष सांगणे आहे. डाव बरोबरीच्या माणसांतच व्हावा. दुकानदारास शंभर रुपये म्हणजे एक किरकोळ खर्च. त्याच्या दुकानातील नोकरास ती दिवसाच्या मजुरीतील मोठी वाटणी असते. मालकाने बोलाविले तर नोकरास नाही म्हणता येत नाही, आणि ज्या शेतकऱ्याचे खाते आपल्या वहीत थकले आहे त्यासही नाही म्हणता येत नाही. असा डाव हा मित्रांचा डाव नव्हेच. ज्यास उठून जाण्याचे स्वातंत्र्य नाही त्याच्याकडून जिंकलेला पैसा आणि नाल घेणाराचा पैसा यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

म्हणून ज्या घरांत पत्ते खेळले जातात त्यांनी काही नियम स्वतःच घालून घ्यावेत. पहिला पत्ता वाटण्यापूर्वी प्रत्येकाने आपली रक्कम रोख समोर ठेवावी, व ती संपली की उठावे. मांडून ठेवणे नाही, दूरध्वनीवरून पैसे मागविणे नाही, पावती तर नाहीच नाही. उठण्याची वेळ आधी ठरवावी, व हरणाराच्या आग्रहाने ती पुढे ढकलू नये. यजमानाने एक पैसाही घेऊ नये. चहाचा खर्च सर्वांनी वाटून द्यावा. आणि सर्वांत सोपी कसोटी ही की, जी रक्कम आपण हरलो असे घरी पत्नीस किंवा आईस मोकळेपणे सांगता येईल तेवढीच लावावी. जी सांगता येत नाही ती लावू नये.

भोर हे पंत सचिवांचे संस्थान होते तोवर प्रजेच्या नीतीची चिंता दरबाराने वाहावी असे म्हणण्याची सोय होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि ती सोयही संपली. राजगड व तोरणा ज्यांच्या अंगणात उभे आहेत त्यांस स्वराज्य या शब्दाचा अर्थ आम्ही सांगावा असे नाही. दुसऱ्यावर राज्य करणे हा तो अर्थ नव्हे; स्वतःवर राज्य करणे हाच तो अर्थ, आणि त्याची परीक्षा रात्री बारा वाजता, हातातील रक्कम संपल्यावर, सतरंजीवरून उठता येते की नाही यातच होते.