नदीचा हरीम कुणी खाल्ला?

जोगेश्वरीत राहणाऱ्याने सीनाकाठच्या शेतीवर कशाला लिहावे, असे एका मित्राने विचारले. माझे आजोळ माढा तालुक्यात सीनेच्या काठी आहे, हे एक उत्तर. दुसरे उत्तर ओशिवरा नदी. आरेच्या डोंगरातून निघून ती आमच्या वस्त्यांजवळून वाहते. तिचे काठ गोदामांनी, तबेल्यांनी, इमारतींनी गिळले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा तिचे पाणी आमच्या घरांत शिरले.

शहरात काठावर इमारत उभी राहिली की आपण त्याला अतिक्रमण म्हणतो. गावात काठावर ऊस उभा राहिला की त्यालाच प्रगती म्हणतो. माझा आक्षेप या दुटप्पीपणावर आहे.

सीनेचे खोरे पर्जन्यछायेतले. वर्षाला पाच-सहाशे मिलीमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा मुलखात नदीचा काठ 'पड' दिसतो, पण तो निरुपयोगी नसतो. करंज, बाभूळ, लव्हाळी माती धरून ठेवतात. शेतातून वाहून येणारा गाळ आणि खत तिथे अडते. पुराला पसरायला जागा मिळते, पसरलेले पाणी जमिनीत मुरते.

माझ्या लहानपणी मामूंच्या शेताच्या आणि पात्राच्या मध्ये असा पट्टा होता. तिथे गुरे चरायची. पुढे पोकलेन आला, झाडे गेली आणि उसाची सरी थेट पात्राच्या कडेला भिडली. काठावर मोटारींची रांग लागली. उन्हाळ्यात नदी कोरडी आणि ऊस हिरवागार! सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. ऊस आडवा झालाच, पण मातीही खरडून गेली. खाली मुरूम उरला. करंजांनी पूर थांबवला नसता, हे मलाही कळते. पण माती थोडी तरी वाचली असती.

काही जण म्हणतात, नदीतून वाहून जाणारे पाणी वाया जाते, ते शेतीला वापरले तर काय बिघडले? काय बिघडते ते लातूरला विचारा. मांजरा खोऱ्यात ऊस आणि कारखाने वाढत गेले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना प्यायला पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, असे माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगाने १९९९ मध्येच सांगितले होते. ऐकले कुणी?

मध्य आशियात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. सोविएत सरकारने आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी वाळवंटातल्या कापसाला वळवले. अरल समुद्र आटत गेला. मासेमारीचे बंदर असलेले मुयनाक गाव पाण्यापासून कितीतरी कोस दूर पडले. उघड्या पडलेल्या तळावरची खारी धूळ वाऱ्याबरोबर लोकांच्या फुप्फुसांत आणि शेतांत गेली. ज्या शेतीसाठी नदी संपवली, त्याच शेतीत मीठ साचले.

आपल्या फिक्हमध्ये 'हरीम' नावाची एक कल्पना आहे. विहीर, झरा, नदी यांच्याभोवती राखून ठेवायची जागा. पाण्याला धोका होईल असे काही तिथे कुणी करायचे नाही, मग शेजारची जमीन कुणाच्याही मालकीची असो. वाळवंटात राहणाऱ्यांना पाण्याची किंमत ठाऊक होती, म्हणून त्यांनी हा नियम केला. आपण मात्र हरीमवर मशिदीत ऐकतो आणि बाहेर येऊन काठ नांगरतो.

पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे सोपे आणि चुकीचे आहे. मामूंना मी म्हटले, "यंदा काठ सोडा." ते म्हणाले, "बँक का हप्ता तू भरता क्या रे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे. ज्वारी, तूर, करडईला कागदावर हमीभाव आहे, पण खरेदीची खात्री नाही. मग माणूस ऊसच लावणार.

म्हणून मागणी सरकारकडे आहे. दुष्काळी पट्ट्यातल्या प्रत्येक नदीला दोन्ही बाजूंनी हरीम आखून द्या. काठ सोडणाऱ्याला दरवर्षी मोबदला द्या. ज्वारी-तुरीची खरेदी उसाइतकी पक्की करा. हे होत नाही तोवर मामूंना काठ सोडायला सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि चहात साखर ढवळत शेतकऱ्याला नावे ठेवण्याचा तुम्हालाही नाही.