तेल किती उरले, हे कोणी ठरवायचे?

वारंगा फाट्यावर नांदेडचा, हिंगोलीचा आणि यवतमाळकडचा रस्ता एकत्र येतो. तेथे ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल भरून घेणाऱ्या हळद-उत्पादकाला, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली किती तेल शिल्लक आहे, हा प्रश्न आपला वाटत नाही. २०१४ साली डिझेलचा भाव बाजाराच्या हवाली झाल्यापासून त्याची झळ मात्र त्यालाच सोसावी लागते.

खनिज तेलाच्या साठ्याचा अंदाज ही शुद्ध शास्त्रीय बाब आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. दिग्बोईत १८८९ पासून तेल निघत होते. तरी आसामबाहेर भारतात काढण्याजोगे तेल नाही, असे पाश्चात्त्य तज्ज्ञ स्वातंत्र्यानंतरही सांगत राहिले. केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत साहाय्याने तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा केला आणि १९५८ साली खंबायतला, १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचे भांडार उघडले. खडक तेच होते. अंदाज करणारा बदलला होता.

भूगर्भात असलेले तेल आणि काढता येण्याजोगे तेल या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरा आकडा तंत्रावर, बाजारभावावर आणि गुंतवणूक करणाऱ्याच्या इच्छेवर हलतो. ऐंशीच्या दशकात ‘ओपेक’चा उत्पादन-कोटा साठ्याशी जोडण्याची चर्चा सुरू होताच अनेक सदस्य राष्ट्रांचे साठे कागदावर एकाएकी फुगले. उलट, २००४ साली शेल कंपनीला आपल्या सिद्ध साठ्यातून सुमारे एक-पंचमांश भाग वगळावा लागला. खासगी भांडवलाच्या काटेकोर हिशेबाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे स्मरणात ठेवलेले बरे.

आता मुंबई हायकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून ब्रिटनच्या बीपी कंपनीची निवड झाली. (१९०९ साली ज्या बर्मा ऑइलच्या पोटी हिचा पूर्वज जन्मला, तीच पुढे दिग्बोईची मालक झाली.) दहा वर्षांत तेल व वायूचे उत्पादन पायाभूत पातळीच्या साठ टक्क्यांपर्यंत वाढेल, असा निर्वाळा कंपनीने दिला आहे. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क, त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या महसुलात हिस्सा. मेख ‘पायाभूत’ या शब्दात आहे. कंपनी आली नसती तर उत्पादन किती घटले असते, याचा अंदाज जितका खालचा, तितकी ‘वाढ’ मोठी आणि मोबदलाही मोठा. मग या अंदाजामागचे विहीरनिहाय गणित संसदेपुढे का नको?

यावर ठराविक उत्तर येते की क्षेत्र जुने झाले, सार्वजनिक क्षेत्र थकले. १९८५ च्या सुमारास दिवसाला चार लाख पिंपांहून अधिक तेल देणारे मुंबई हाय आज साधारण एक-तृतीयांशावर आले आहे, हे खरे. जुन्या क्षेत्राचा दाब उतरतोच. परंतु आयातीचे देणे भागविण्यासाठी ऐंशीच्या दशकात अतिरिक्त उपसा झाल्याची टीका पुढे झाली, तिचे काय? त्या उपशाचा ठपका कामगार-अभियंत्यांवर कसा ठेवणार?

संसदेने विचारायचे ते साधे आहे. पायाभूत पातळी कोणत्या नोंदींवरून ठरली? कराराशी संबंध नसलेल्या भारतीय भूशास्त्रज्ञांनी ती तपासली काय? देश ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करीत असताना या प्रश्नांना व्यापारी गुपिताची सबब चालणार नाही. पक्षाच्या तालुका शाखांनी हे प्रश्न आपापल्या खासदारापुढे लेखी ठेवावेत. सागरी तेलाचे स्वामित्वशुल्क महाराष्ट्राला मिळत नाही, ते केंद्राकडे जाते. म्हणून राज्य सरकार यात तोंड उघडेल, ही आशा व्यर्थ आहे.

१९९४ साली याच समुद्रातील पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही सरकारी संस्थेने शोधलेली क्षेत्रे एन्रॉन व रिलायन्स यांच्या भागीदारीत दिली गेली. शोधणाऱ्याच्या वाट्याला ४० टक्के राहिले. पन्ना-मुक्ता डिसेंबर २०१९ मध्ये त्याच सरकारी संस्थेकडे परत आले, पंचवीस वर्षांचा उपसा होऊन.