बारडोलीचा उरलेला धडा

सुरत जिल्ह्यातील बारडोलीचे नाव उच्चारताच 1928 चा सत्याग्रह डोळ्यांपुढे उभा राहतो. शेतसाऱ्यातील सुमारे 22 टक्क्यांची वाढ शेतकऱ्यांनी नाकारली, जप्त्या सोसल्या आणि अखेर सरकारला नमविले. वल्लभभाई ‘सरदार’ झाले ते येथेच. जप्त जमिनीही परत मिळाल्या. पण त्या ज्यांच्या होत्या त्यांना. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हा मागे राहिला आणि आजही सुटलेला नाही.

बारडोलीची शेते पिढ्यान्‌पिढ्या राबून पिकविली ती हळपतींनी. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी मालकाच्या दारी बांधला गेलेला हा मजूर. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत 1948 चा मुंबई कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन उजाडला आणि कुळे मालक झाली. हळपती मात्र मजूर होता, कूळ नव्हता. त्यामुळे कायदा त्याच्या दारावरून निघून गेला. पुढे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊसतोडणीसाठी आपल्या धुळे-नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबे कोयता घेऊन तेथे जाऊ लागली. शेतीचे ज्ञान हातात, सातबारावर नाव मात्र नाही, अशी ही माणसे!

त्याच कायद्याचे 63 वे कलम सांगते की, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येणार नाही. गोव्यानेही 2023 मध्ये भातशेतीच्या जमिनींसाठी अशाच आशयाचा कायदा केला. हेतू निःसंशय चांगला. परंतु शेतकरी होण्यासाठी आधी शेतकरी असावे लागते, हा विलक्षण पेच त्यातून उद्भवतो. मग हे कुंपणच काढून टाकावे काय? आम्हांला ते मान्य नाही. कुंपण पडले तर आत शिरेल तो शहरातला पैसा. मजुराच्या कनवटीला जमिनीची किंमत कोठून येणार?

खरा मार्ग खंडाचा आहे. ‘कूळ लागेल’ या धास्तीने मालक जमीन पडीक ठेवतो अथवा तोंडी खंडाने देतो. आणि तोंडी खंडकऱ्याला ना पीककर्ज मिळते, ना नुकसानभरपाई. नीती आयोगाने 2016 मध्ये खंडाचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला, तो याच कोंडीवर उपाय म्हणून. केरळात कुटुंबश्रीच्या महिलागटांनी एकत्र येऊन खंडाने जमिनी घेतल्या आणि पिकवून दाखविल्या. मग आपल्याकडेच हे का होऊ नये? ग्रामपंचायतीत नोंदलेला, निदान पाच वर्षांचा लेखी खंड असावा. मालकाची मालकी अबाधित राहावी. पडीक जमिनीवर पहिला हक्क भूमिहीनाचा आणि नव्याने शेतीत उतरू पाहणाऱ्या तरुणाचा असावा. आणि त्या कागदावर बँकेने कर्ज द्यावे. यासाठी कोणाच्याही जमिनीचा गुंठाभर तुकडा हिरावून घ्यावा लागत नाही.

सारा किती द्यावा, हे बारडोलीने 1928 मध्ये सरकारला ऐकविले. जमीन कोणाच्या हाती द्यावी, हे ऐकण्याची पाळी आता आपली आहे.