पहिले धनुष्य

कार्यानुभवाच्या तासात मुलामुलींनी स्वतःच्या हातांनी लाकडी धनुष्य घडवावे, अशी सूचना आम्ही केली तेव्हा दोन आक्षेप आले. करुणा शिकविणाऱ्या शाळेत हत्यार कशाला, हा पहिला. दुसरा अधिक खोल होता. एका मातेने विचारले, "कोयता हातून सुटावा म्हणूनच ना पोराला तुमच्याकडे ठेवलं?"

तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज निर्माण होऊ लागली. बोईसरभोवती कारखाने उभे राहिले. तरी पालघरच्या पाड्यांवरील वारली-कातकरी घरांना तिरकमठा आजही परका नाही. परका झाला आहे तो शिकलेल्या मुलांना. आजोबांची ही विद्या सांगताना त्यांची मान खाली जाते. ही लाज आम्हांस अधिक घातक वाटते.

धनुष्यासाठी धामणीसारखे चिवट, सरळ रेषांचे लाकूड घेऊन सावलीत वाळवावे लागते. कोयत्याने ढोबळ आकार द्यायचा, मग रंधा, कानस आणि शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडायचे. बाहेरच्या, ताण सोसणाऱ्या बाजूची रेषा तोडायची नाही. तोडली की तेथूनच चीर जाते. खरवडायचे ते आतल्या अंगाने. दोरी थोडी ओढून दोन्ही बाजू सारख्या वाकतात का, हे पुन्हा पुन्हा पाहायचे. कमकुवत झालेल्या बाजूला काढलेले लाकूड परत लावता येत नाही. ताठ राहिलेली बाजूच हलकी करावी लागते. घाई करणाऱ्याचे पहिले धनुष्य बहुधा मोडते. आपली चूक हातात दोन तुकडे होऊन दिसते, तेव्हा दुसऱ्याला दोष देता येत नाही. असा धडा फळ्यावर देता येत नाही.

आता पहिल्या आक्षेपाविषयी. शिकारीस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि आमच्या शीलालाही ती मान्य नाही. आमचा नेम पेंढ्याच्या लक्ष्यावर. राष्ट्रीय स्पर्धांत लाकडी व बांबूच्या धनुष्यांसाठी 'इंडियन राउंड' हा स्वतंत्र प्रकार आहे. बांबूच्या धनुष्यावर हात बसवलेले राजस्थानचे लिंबाराम ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले. धम्मपदातही चंचल चित्त सरळ करणाऱ्या शहाण्याला बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे.

दुसरा आक्षेप मात्र आम्ही नम्रतेने ऐकतो, कारण त्यामागे पिढ्यांचे दुःख आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. कोयता वाईट नव्हता. तो जन्माने कपाळी मारला जाणे वाईट होते. ज्या बाकावर पाड्यावरचा मुलगा, कारखान्यातील कामगाराची मुलगी आणि शिक्षकाचा मुलगा एकच कानस आळीपाळीने चालवतात, तेथे ती विभागणी टिकत नाही. मात्र हा तास गणित-विज्ञानाच्या वेळेतून काढू नये, ही अट आम्ही स्वतःलाच घालतो.

म्हणून आमचा आग्रह आहे की, पाड्यावरील जाणत्या कारागिराला गुरुजी म्हणून बोलवावे आणि इतर शिक्षकांप्रमाणे मानधन द्यावे. महाभारतातील एकलव्याला विद्येची किंमत अंगठ्याने मोजावी लागली. आमच्या शाळेत विद्या देणारा त्याच्याच घरचा असावा आणि शिकणाऱ्याची दहाही बोटे शाबूत राहावीत.