आठचा पेस

येत्या जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी एक्सेल शीट तयार झालंय. किलोमीटरला आठ मिनिटं, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला साधारण ५ तास ३८ मिनिटं. ऑफिसात हा आकडा सांगितला तर शेजारचा म्हणाला, "एवढ्या वेळात मी पुण्याला जाऊन जेवून परत येईन." येईलही. एक्सप्रेस-वेवर घाटात अडकला नाही तर.

गेल्या वेळी मी ४ तास ५२ मिनिटांत धावलो होतो. ऐकायला बरं वाटतं, पण आतली गोष्ट अशी: पहिला अर्धा भाग २ तास १२ मिनिटांत आणि उरलेला २ तास ४० मिनिटांत. मरीन ड्राइव्हवर अंधारात, गार वाऱ्यात, आजूबाजूला हजारो लोक पळत असताना पाय आपोआप सुटतात. त्याचं बिल तिशीच्या पुढे येतं. साठवलेलं ग्लायकोजेन संपत आलेलं असतं, ऊन चढलेलं असतं आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ वाट बघत असतो. त्या चढावर बाबा संत्री घेऊन उभे होते. मी त्यांच्या समोरून गेलो आणि मला ते दिसलेच नाहीत. मी घड्याळ बघत होतो. घरी आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "घाईत होतास."

तर यंदा घाई नाही. चार मिनिटं साडेसातच्या पेसने धावायचं, एक मिनिट चालायचं, की पुन्हा धावायचं. चालणं किलोमीटरला अकरा मिनिटांचं धरलं तरी सरासरी जवळपास आठच येते, मी दोनदा गणित करून पाहिलं. कल्पना माझी नाही. १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ही धावा-चाला पद्धत लोकप्रिय केली. ऑलिंपियन माणूस चाला म्हणतोय, मग आपल्याला कसली लाज?

पण लाज वाटतेच. खरी अडचण तीच आहे. दुसऱ्याच किलोमीटरला, पाय ताजे असताना चालायला लागलं की मागून येणारे "कम ऑन, कम ऑन" करतात. पस्तिसाव्याला चालणारा थकलेला, दुसऱ्याला चालणारा आळशी! हळू धावणं म्हणजे ढिलाई, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे चालून बघावं. शिवाय सोपं काहीच नाही यात. जास्त वेळ पायांवर राहायचं, जास्त ऊन खायचं, त्यामुळे लांब पल्ल्याचा सराव चुकवून चालत नाही. रविवारी पहाटे गजर तेवढाच कर्कश वाजतो.

बदल्यात काय? सी लिंकवर पोचेन तेव्हा उजाडत असेल. शिवाजी पार्कपाशी चिक्की वाटणाऱ्या आजींना नीट थँक्यू म्हणता येईल. अप्रेझलची सवय लागलेल्या आपल्या डोक्याला हे आउटपुट वाटत नाही, ठाऊक आहे. माझ्या शीटमध्ये मात्र त्यासाठी कॉलम आहे. पेडर रोडच्या ओळीत लिहिलंय: थांबणे, ३ मिनिटं.

परवा बाबांना फोन केला. बाबा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, पण म्हणाले, येतो. मग विचारलं, "संत्री सोलून आणू, की तशीच?"

म्हटलं, तशीच आणा. तिथे उभं राहून सोलू.