तिसरा रकाना

अन्नघटकांचे ‘आवश्यक’ आणि ‘अनावश्यक’ असे दोन रकाने तुम्ही पाठ केले असतील. शरीराला जे बनवता येत नाही ते आवश्यक, बनवता येते ते आहारात नसले तरी चालते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तरीही माझे स्पष्ट मत आहे की येथे तिसरा रकाना हवा : ‘परिस्थितीनुसार आवश्यक’. टायरोसिन हे अमिनो आम्ल आपले शरीर फेनिलॲलॅनिनपासून बनवते. पण ज्या बालकात हा बदल घडवणारे विकर जन्मतःच निकामी असते, त्याला टायरोसिन अन्नातूनच मिळावे लागते.

‘ड’ जीवनसत्त्वाचे उदाहरण मला अधिक जवळचे, कारण तेथे प्रश्न प्रकाशाचा आहे. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून हे जीवनसत्त्व बनू लागते. खिडकीची काच हे किरण अडवते. सूर्य खाली असला की त्यांना ओझोनच्या थरातून तिरका, लांबचा प्रवास घडतो आणि ते वाटेतच शोषले जातात. ठोकताळा सोपा आहे : सावली आपल्या उंचीहून लांब असेल तर ‘ड’ फारसे बनत नाही.

आता आमचे शेंद्रा पाहा. अक्षांश सुमारे २० उत्तर. २२ डिसेंबरलाही मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो आणि सावली उंचीहून जेमतेम आखूड. लंडनला त्या दिवशी ती पावणेचारपट! म्हणजे आपल्याला बारा महिने ‘ड’ फुकट. परंतु येथील औद्योगिक वसाहतीत सकाळी सातला शेडमध्ये शिरणारा आणि दुपारी साडेतीनला बाहेर पडणारा कामगार डिसेंबरात दोन्ही वेळा लांब सावलीच पाहतो. जेवणाची सुट्टीही छपराखालीच. त्याच्यासाठी ‘ड’ हा अन्नातला आवश्यक घटक होतो, आणि अंड्याचा बलक व काही मासे सोडले तर आपल्या ताटात तो असतो तरी कुठे? (गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठते व जादा झाले तर अपाय करते.)

तुमचेही तेच. कवायत सकाळी सातला, मग वर्ग, मग शिकवणी. वाढत्या वयात ‘ड’ कमी पडले तर हाडे मऊ राहतात. त्यालाच मुडदूस म्हणतात. शिक्षकांना माझी सूचना आहे की हिवाळ्यात खेळाचा तास बाराच्या सुमारास ठेवावा. उन्हाचा त्रास होईल, असे कोणी म्हणेल; पण डिसेंबरात होत नाही, आणि एप्रिलमध्ये सावली साडेनऊलाच आखूड होते.

पटांगणात एक मीटरची काठी उभी रोवा आणि तिची सावली एक मीटरहून आखूड केव्हा होते ते दर महिन्याला टिपा. डिसेंबरअखेर शेंद्र्यात ही वेळ साधारण ११.४० ते १.१५ येईल. तो तक्ता घेऊन मुख्याध्यापकांकडे जा.